वरोऱ्यापासून सोबत आलेला गोड वास

आम्ही गाडीनं गडचिरोलीकडे निघालो म्हटल्यावर सांगलीत लोकांनी दोनच प्रश्न विचारले. पहिला, भीती नाही वाटत का? दुसरा, ह्या गाडीनं? पहिल्याचं उत्तर माझी बायको शालन द्यायची. तिचं माहेर आरमोरी, आणि तिच्या मते भीती वाटावी असं तिथे काही असेल तर ते एप्रिलचं ऊन. दुसऱ्याचं उत्तर मी द्यायचो. गाडी एकोणीस वर्षांची आहे खरी, पण तिचं काय बिनसलंय ते मला नुसत्या वासावरून कळतं, असं मी सांगायचो. ते खोटं होतं.

मी तीस वर्षं कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होतो. पावसाळ्यात बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या गळून पडत, तेव्हा प्राध्यापक मंडळी मला हाक मारत. मी बूच उघडून हातानं वारा घ्यायचो आणि नाव सांगायचो. निवृत्तीच्या समारंभात माझ्या नाकावर दोन भाषणं झाली. पुढे पाच वर्षांपूर्वीच्या त्या साथीत मीही सापडलो. ताप गेला, खोकला गेला, पण त्यांच्याबरोबर गेलेला वास परत आला नाही. शालन रोज सकाळी हिंग, कापूर, कॉफी अशी तबकं माझ्या नाकाखाली धरायची, मी मान हलवायचो आणि ती आत जाऊन रडायची. तिचं ते रडणं मला बघवेना. बाविसाव्या दिवशी मी म्हणालो, "आला! कापूर." तिनं शेजारीपाजारी पेढे वाटले. पेढे वाटून झाल्यावर माणसाला माघार घेता येत नाही. ह्या प्रवासात मला खरी धास्ती वाघाची नव्हती, ती ह्या गोष्टीची होती, आणि हे आधीच सांगितलेलं बरं.

गाडीबद्दलही एक सांगायला हवं. तिचा तापमानाचा काटा कित्येक वर्षं बरोबर मध्यावर उभा आहे. गाडी बंद असली तरी तो तिथेच असतो. मी ह्याला गाडीचा शांत स्वभाव समजत आलो.

वरोरा

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वरोऱ्यात शिरलो. काचा बंद होत्या, कारण बाहेर अजून झळा होत्या. एसी कधीच निजधामाला गेलेला, पण पंखा चालतो आणि तो पूर्ण वेगात सोडला होता. इकडे शालनची भाषा बदलते. वर्ध्यापर्यंत ती सगळ्यांशी सांगलीचं बोलते. वरोऱ्याच्या पाटीनंतर इकडच्या माणसांशी बोलताना तिच्या तोंडात 'मले' आणि 'तुले' येऊ लागतात. ह्या वेळी पाटीच्याही आधी ती एकदम सरळ होऊन बसली.

"अहो! येतोय का वास?"

कसला ते तिनंच सांगावं म्हणून मी नुसतं "हं" म्हणालो.

"मोहाचा! गोड गोड. माहेर आलं माझं!"

"वा," मी म्हणालो, "छान सुटलाय." आणि एवढ्यावर थांबायचं सोडून पुढे म्हणालो, "ताजा दिसतोय."

मोहाची फुलं चैत्रात पडतात, आणि ह्या दिवसांत माहेरी जायचं तिच्या मनात किती वर्षं होतं. दर वर्षी कुणाची तरी परीक्षा किंवा कुणाचं तरी लग्न आडवं यायचं. त्यामुळे तिचा आनंद मला समजला. आजूबाजूला कापूस काढून झालेली काळी रानं होती आणि मोहाचं एकही झाड नव्हतं, हे मात्र आम्हा दोघांनाही समजलं नाही. मला मोहाचं झाड ओळखता येत नाही. तिला येतं, पण ती तेव्हा डोळे मिटून बसली होती.

लॉजवर उतरताना ती म्हणाली, पाण्याची बाटली गळते वाटतं, पायाखाली ओल आहे. मी बाटलीचं झाकण घट्ट केलं.

चिमूर

सकाळी लवकर निघालो. समोरच्या काचेवर आतून एक तेलकट धुरकट थर धरला होता. मी तो फडक्यानं पुसला, तर तो पसरला. शालननं निदान केलं की हे इथलं दव. एप्रिलातलं दव ह्या विषयावर मी विचार केला नाही. माझं सगळं लक्ष तिच्या नाकाकडे होतं. ती मध्येच "आता जास्त येतोय" म्हणाली की मी मान डोलवायचो. एकदा तिनं हवेसाठी काच खाली केली तर वास गेला. पुन्हा वर केली तर आला. बाहेरच्या झाडांचा वास काच बंद केल्यावर वाढतो, हे ऐकून प्रयोगशाळेत तीस वर्षं काढलेल्या माणसाच्या मनात काहीतरी यायला हवं होतं.

चिमूरला टपरीवर पोहे खाल्ले. आमच्याकडे पोह्यांवर ओलं खोबरं पडतं. इकडे हरभऱ्याची लालभडक तर्री ओततात, आणि चमच्यानं पोहे शोधून काढायचे असतात. मला चव पूर्वीच्या निम्मीच कळते, पण तिखट कळतं, त्याला नाक लागत नाही. त्यामुळे विदर्भात माझं बरं चालतं. टपरीवाला म्हणाला, "अजून मारू का रस्सा? लाजू नका जी." मी लाजलो नाही. शालन समाधानानं माझ्याकडे बघत होती. तिला वाटत होतं की मला तिचा मुलूख अगदी आतपर्यंत पोचतोय. त्या क्षणी मला फार अपराधी वाटलं, आणि मी आणखी एक प्लेट मागवली.

कानपाच्या अलीकडे

चिमूर सोडल्यावर रस्ता जंगलात शिरतो. दोन्ही बाजूंना सरळसोट, पानं गळालेली झाडं. शालन म्हणाली, "आता तर काय घमघमाट आहे!" आणि मी "अहाहा" म्हणतोय तोवर गाडीचा जोर गेला. बॉनेटच्या फटीतून वाफ येऊ लागली. गाडी कडेला घेऊन बंद केली आणि आम्ही दोघं खाली उतरलो. जिथे उतरलो तिथेच वनखात्याचा फलक होता: वाघाचा वावर आहे, वाहन थांबवू नये, वाहनातून उतरू नये. काटा मध्यावर होता.

तेवढ्यात रानातून बोलण्याचा गलका आला. चार बायका डोक्यावर टोपल्या घेऊन रस्त्यावर आल्या. बायका चार, आवाज चौदा जणींचा. पहाटे फुलं वेचायला जाताना आणि येताना सगळ्यांनी एकत्र आणि मोठ्यानं बोलत चालायचं, ही इकडची रीत, आणि ती कशासाठी ते त्या फलकावर लिहिलेलंच होतं. पुढची साठीची होती. तिचं नाव यमुनाबाई, हे नंतर कळलं.

"काऊन जी? इथी कायले थांबले? बोर्ड नाई दिसला का?"

"गाडी तापली," मी म्हणालो.

"मंग सावलीत तरी थांबाचं."

मी बॉनेट उघडलं. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नये, एवढं मला ठाऊक होतं, म्हणून हात मागे बांधून उभा राहिलो. शालनला मात्र आपल्या बायका भेटल्या होत्या. "मी आरमोरीची व माय," ती म्हणाली. "कालपासून मोहाचा वास घेत येऊन राह्यली, अन् आता पाहा काय झालं!"

"कोनता मोहाचा?"

"हा काय, गाडीत येऊन राह्यला तो."

यमुनाबाईनं टोपली उतरवली आणि गाडीत डोकं घातलं. मग मागच्या बाईला बोलावलं, तिनंही घातलं. दोघी बाहेर आल्या आणि पदरानं नाक पुसलं.

"बाई, गाव सोडून किती वर्सं झाले?"

"छत्तीस."

"तवाच," यमुनाबाई म्हणाली. "हा मोह नाई व. हा गाडीचा वास होय, कायतरी गोडगोड औषध उकळल्यावानी. अन् हे सारं सागाचं रान हाये. इथी मोह कुठी? आमी तिकडून नाल्यापलीकडून येऊन राह्यलो." मग तिनं शालनच्या बाजूच्या पायपुसण्यावर हात दाबला आणि बोटं एकमेकांवर घासली. "पानी नाई हे. चिकट हाये."

शालनचा चेहरा उतरला. यमुनाबाईला दया आली असावी. तिनं टोपली वर उचलून तिच्यापुढे धरली. मोहाची फुलं जवळून पाहिली नसतील त्यांच्यासाठी सांगतो: फिकट पिवळी, साबुदाणा फुगून मोठा व्हावा तशी, मऊ, ओली. शालननं दोन्ही हातांनी टोपली धरली आणि तोंड खाली नेलं. बराच वेळ ती तशीच राहिली. वर पाहिलं तेव्हा डोळ्यांत पाणी होतं, आणि ती पुटपुटली, "हो व माय, हा मोह."

"तुमीबी घ्या जी," यमुनाबाईनं टोपली माझ्यापुढे केली.

मी डोळे मिटले. प्रयोगशाळेत करायचो तसा हातानं वारा घेतला, छाती भरून श्वास घेतला आणि म्हणालो, "वा! हाच. कालपासून येतोय तो हाच."

मी डोळे उघडले तेव्हा चारही बायका माझ्याकडे बघत होत्या. शालन सर्वांत जास्त बघत होती.

"हाच?" ती म्हणाली.

"म्हणजे, साधारण."

"माझं सोडा. मी माहेरच्या ओढीनं चुकले. तुम्ही कालपासून काय हुंगत होतात?"

तिथे आणखी एक खोटं सुचलं असतं तर मी बोललो असतो, हे कबूल करतो. पण सुचलं नाही. मी म्हणालो, "शालन, मला वास येत नाही. त्या तापापासून, पाच वर्षं, आलाच नाही."

"पण कापूर?"

"खोटं सांगितलं."

"पाच वर्सं?" यमुनाबाई म्हणाली. "अन् मंग जेवते कसे?"

शालन माझ्याकडे बघतच होती. "रोज मी फोडणी दिली की बाहेरून 'वा' म्हणता, ते?"

"चर्र आवाज येतो," मी म्हणालो. "त्यावरून म्हणतो."

एका बाईला हसू आलं आणि तिनं ते पदरात धरलं. शालनला आलं नाही. "दुधाचा वास बघा म्हटलं की बघत होतात. चांगलं आहे म्हणत होतात," ती हळूहळू म्हणाली. "ते दूध मी नातवाला दिलंय." मी दूध नुसतं डोळ्यांनी बघत असे. ती गाडीच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभी राहिली, आणि वाघाच्या फलकाखाली मी एकटा उरलो.

बायका निघून गेल्या नाहीत. इंजिन थंड होईपर्यंत तासभर त्या आमच्यासोबत बसल्या आणि सारखं बोलत राहिल्या, कारण दोघांना तिथे एकटं सोडणं त्यांना पटेना. मग मी फडकं धरून झाकण उघडलं. आत पाणी दिसतच नव्हतं. त्यांनी आपल्या बाटल्यांतलं उरलंसुरलं पाणी ओतलं, आम्ही आमचं ओतलं. निघताना यमुनाबाईनं ओंजळभर फुलं शालनच्या रुमालात बांधून दिली आणि माझ्याकडे न बघता तिला म्हणाली, "मानूस चांगला दिसते. नाक गेलं त गेलं. पन सांगाचं ना त्यानं."

नागभीड

काचा उघड्या ठेवून, दोनदा थांबून पाणी भरत नागभीड गाठलं. वाटेत शालन फुलांचा रुमाल मांडीवर धरून बाहेर बघत राहिली. बसस्टँडजवळ सलीमभाईंचं गॅरेज होतं. पिकलेली दाढी, कानावर पेन्सिल. त्यांनी इंजिनाकडे पाहिलंच नाही. आधी शालनच्या जागेवर बसून पंखा सुरू केला, वास घेतला, काचेवर बोट फिरवलं, पायपुसणं उचललं, आणि मग मला विचारलं, "गोड वास कवापासून येऊन राह्यला?"

"त्यांना विचारू नका," शालन म्हणाली. "मले विचारा. वरोऱ्यापासून."

"काच बंद केली की जादा?"

"हो."

"हीटरची जाळी फुटली. कूलंट, म्हंजे इंजिन थंडं ठेवाचं पानी, त्यातून जाते, ते गळून राह्यलं अंदर. पंखा लावला की त्याचीच गोड भाप तुमच्या तोंडावर. म्हनून काचेवर थर, म्हनून पाय वले. अन् कूलंट खतम झालं की गाडी तापनारच. पन साहेब, एवढा वास येत होता त तुमी काऊन नाई थांबले?"

मी सांगितलं, "मला वास येत नाही." दुसऱ्यांदा म्हणताना ते वाक्य जरा सोपं गेलं. सलीमभाईंनी मान हलवली, जशी ते गाडीच्या कुठल्याही बिघाडाला हलवत असावेत.

"जाळी इथी नाई भेटनार," ते म्हणाले. "नागपूरहून मागवा लागन. मी त काय करतो, हीटरचे दोन्ही पाइप काढून एकमेकाले जोडून टाकतो. हीटर बंद. एप्रिल मैन्यात इथी हीटर लागते कोनाले?"

अर्ध्या तासात त्यांनी ते केलं, नवं कूलंट भरलं, आणि काट्याकडे बघून म्हणाले, हा कवाचा मेला? मी कबूल केलं की बराच झाला. शालन त्यांना म्हणाली, "हे पन मले आजच कळून राह्यलं."

आरमोरी

वैनगंगेचा पूल ओलांडला की आरमोरी. नेहमी ह्या पुलावर शालन गाडी हळू करायला लावते. ह्या वेळी तिनं सांगितलं नाही, मी आपण होऊन हळू केली. तिनं पात्राकडे पाहिलं, माझ्याकडे नाही.

तिचे थोरले भाऊ नामदेवभाऊ दारात उभे होते. इकडे पाहुणा आला की आधी पाय धुवायला पाणी देतात आणि ते पाय सुकेपर्यंत काही विचारत नाहीत. ही रीत मला फार आवडते. माझे पाय त्या दिवशी मी सावकाश सुकवले. रात्री जेवायला वहिनींनी आयते केले होते, म्हणजे तांदळाच्या पिठाची जाळीदार धिरडी, आणि सोबत त्यांच्याच बांधीतल्या, म्हणजे धानाच्या शेतातल्या, वासाच्या तांदळाचा भात. भात वाढताना त्या म्हणाल्या, "जवाईबापू, पाहा बरं, वास कसा हाये?"

तोंडातून 'वा' निघणारच होता. त्याआधी शालन म्हणाली, "त्यांना वास नाई येत, वहिनी. पाच वर्सं झाले."

ताटांवरचे हात थांबले. हाच क्षण चुकवण्यासाठी मी इतकी वर्षं घालवली होती. मला वाटायचं, नाक गेलं हे कळलं की माझ्याकडे सांगण्यासारखं काहीच उरणार नाही, लोक कीव करतील, आणि शालन पुन्हा आत जाऊन रडेल. नामदेवभाऊंनी घास गिळला.

"मंग भाऊजी, तुमाले गोठ्याच्या बाजूची खोली देतो," ते म्हणाले. "तिथी कोनी झोपत नाई."

सगळे हसले. मीही हसलो. शालन हसली नाही, पण तिनं माझ्या ताटात आणखी एक आयता वाढला, न विचारता.

दुसऱ्या दिवशी अर्ध्या गल्लीला माझं नाक ठाऊक झालं होतं. कुणी ओव्याची पुरचुंडी आणली, कुणी कांदा ठेचून आणला, एका आजोबांनी तपकीर दिली. मी सगळं हुंगलं आणि प्रत्येकाला खरं सांगितलं. तपकिरीनं शिंका आल्या, वास आला नाही. शालन ओट्यावर बसून बघत होती. संध्याकाळी ती माझ्याशी कालपासूनचं पहिलं वाक्य बोलली: "उद्या पाचला उठायचं. बांधावर जायचंय."

नामदेवभाऊंच्या बांधावर त्यांच्या घराचा मोह आहे. झाडाखालचा पालापाचोळा आधीच जाळून जमीन काळी, स्वच्छ करून ठेवलेली होती, म्हणजे पडलेलं फूल दिसतं. फुलं टपटप पडत होती. मी उत्साहानं वेचायला लागलो आणि भराभर टोपली भरली, तर नामदेवभाऊ म्हणाले, "भाऊजी, बांधाच्या तिकडचे नका वेचू. ते बाजूवाल्याच्या झाडाचे व्हय." मी वेचलेली फुलं पुन्हा तिकडे नेऊन पसरली. कुठली कुठे होती ते मात्र मला आठवत नव्हतं.

नामदेवभाऊ बैल सोडायला गेले आणि झाडाखाली आम्ही दोघंच राहिलो. ती वाकून वेचत होती. छत्तीस वर्षांनी ती ह्या झाडाखाली ह्या दिवसांत आली होती, आणि मी शेजारी असून तिथे नसल्यासारखा होतो. फार वाईट वाटलं. पाच वर्षांत न विचारलेलं मी विचारलं.

"कसा येतोय गं वास?"

"सांगून कळतो का?" ती म्हणाली आणि वेचत राहिली.

मीही वेचू लागलो. मग वर न बघता ती बोलायला लागली. "गुळासारखा. वल्ल्या गुळासारखा." थोडं थांबली. "नाई. गुळाएवढा गोड नाई." एक फूल उचलून तिनं नाकाशी धरलं, झाडाच्या पलीकडे जाऊन आणखी एक उचललं, आणि परत आली. "पिकल्या चिकूसारखा. पन चिकू पोत्यात राह्यला ना, अन् पोतं जरा वलं असलं, तसा. अन् मंग मागून थोडासा दुधाचा." माझ्याशी ती तिच्या माहेरच्या भाषेत बोलत होती. छत्तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. तिच्याही ते लक्षात आलं नसावं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. "समजलं का?"

मी मनापासून प्रयत्न केला. चिकू डोळ्यांपुढे आणला, पोतं आणलं, दूध आणलं.

"नाही," मी म्हणालो.

"बरं, थांबा," शालन म्हणाली, आणि तिनं ते फूल पुन्हा नाकाशी नेलं.